कावासाकीतला एक सेकंद

२ मे २०२३. जपानमधल्या कावासाकी शहरात एका नागरिकाने जवळच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमधून कोसेकीचा दाखला मागवला. कोसेकी ही तिथली कुटुंबनोंद. जन्म, लग्न, घटस्फोट, दत्तक, मृत्यू, सगळं त्यात येतं. आपल्याकडे अशा कागदासाठी दोन हेलपाटे आणि एक ओळखीचा माणूस लागला असता. तिथे मायनंबर हे सरकारी ओळखपत्र टेकवायचं, चार आकडी पिन दाबायचा आणि दुकानातल्या झेरॉक्सच्या यंत्रातून कागद उचलायचा. त्या दिवशीही कागद आला. फक्त तो दुसऱ्याच कुणाच्या तरी घराचा होता.

ही यंत्रणा फुजित्सू जपान या कंपनीची. घोटाळ्याचं कारण कंपनीनेच जाहीर केलं. दोन वेगळ्या दुकानांतून दोन माणसांचे अर्ज एका सेकंदाच्या आत आले आणि मागून आलेल्या कामाने आधीच्या कामावर लिहून टाकलं. बाकी काही बिघडलं नव्हतं. कार्डं खरी होती, पिन बरोबर होते, यंत्रंही ठणठणीत होती.

ही गोष्ट आत्ता उकरून काढायला कारण आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक मत इतकं मुरलंय की ते तपासायची तसदी कोणी घेत नाही. एस्क्यूलाइटसारखा हलका डेटाबेस मोबाइलमधल्या वाणसामानाच्या यादीला ठीक, पण प्रोग्रॅममध्ये एकापेक्षा जास्त थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, आले की त्याला हात लावू नये. सरळ पोस्टग्रेससारखा भारदस्त सर्व्हर घ्यावा आणि निवांत व्हावं, असं ते मत. मुलाखतीत हेच उत्तर अपेक्षित असतं. नवख्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच ऐकवलं जातं. माझा आक्षेप शेवटच्या दोन शब्दांना आहे. निवांत व्हावं? कशाच्या जोरावर?

कावासाकीकडेच बघा. टोकियो आणि योकोहामाच्या मधलं, सुमारे पंधरा लाख वस्तीचं शहर. नाम्बू मार्गाच्या लोकलने मुसाशी-नाकाहाराला उतरलं की समोरच फुजित्सूचा परिसर. मूळ कंपनीचं नोंदणीकृत मुख्यालय याच शहरात आहे, कंपनी १९३५ पासूनची आहे, आणि जपानने संगणक बांधायला घेतले त्या पहिल्या पिढीत तिचं नाव येतं. पैशाची, माणसांची, अनुभवाची किंवा सर्व्हरची चणचण असलेलं हे घर नव्हे. घोटाळ्याची जी कारणं बाहेर आली, त्यांत डेटाबेस हलका पडला असं कुठेही नाही. दोन कामांनी एकच जागा आपली समजली, एवढंच आहे. हा दोष वजनदार यंत्रणेत जसा राहू शकतो, तसाच माझ्या दोनशे ओळींच्या प्रोग्रॅममध्येही राहू शकतो.

राहिलाही होता. एका छोट्या संस्थेसाठी मी पावत्या फाडणारा प्रोग्रॅम लिहिला होता. चार थ्रेड आणि एस्क्यूलाइटचं एकच कनेक्शन. पायथॉनने मला आधीच अडवलं होतं. त्यातलं एस्क्यूलाइटचं मॉड्यूल, ज्या थ्रेडने कनेक्शन उघडलं त्यानेच ते वापरावं असा हट्ट धरतं आणि दुसऱ्याने हात लावला की चूक दाखवून थांबतं. तो हट्ट बंद करायची सोय आहे: ‘चेक सेम थ्रेड’ नावाच्या पर्यायाला ‘फॉल्स’ द्यायचं. मी दिलं. चूक दिसायची थांबली आणि मला वाटलं, सुटलो. पुढे काही दिवसांनी एका सभासदाच्या पावतीवर दुसऱ्याचा क्रमांक छापून आला.

झालं होतं ते असं. पहिल्या थ्रेडने नोंद घातली. तिचा क्रमांक विचारायच्या आत दुसऱ्या थ्रेडने त्याच कनेक्शनवर आपली नोंद घातली. मग पहिल्याने विचारलं, ‘शेवटच्या नोंदीचा क्रमांक काय?’ डेटाबेसने खरं उत्तर दिलं. त्या कनेक्शनवरची शेवटची नोंद दुसऱ्याची होती, म्हणून क्रमांकही दुसऱ्याचा. एस्क्यूलाइटच्या माहितीपत्रकात हे स्वच्छ लिहिलेलं आहे: एकाच कनेक्शनवर दुसरा थ्रेड नोंद घालत असताना हा क्रमांक विचारला, तर उत्तराचा भरवसा नाही. मी ते वाचलं नव्हतं, आणि दोष मात्र काही तास डेटाबेसला देत बसलो.

भारदस्त पक्षाचे वकील म्हणतील, ‘बघा, म्हणूनच तर पोस्टग्रेस.’ थांबा जरा. पोस्टग्रेसचं स्वतःचं माहितीपत्रक काय सांगतं? एक कनेक्शन दोन थ्रेडनी एकाच वेळी हाताळू नये. मायएसक्यूएलमध्येही शेवटच्या नोंदीचा क्रमांक कनेक्शनपुरताच असतो आणि तिथेही कनेक्शन वाटून घेतलं की हीच फजिती. म्हणजे एका कनेक्शनवर एका वेळी एकच थ्रेड, हा नियम हलक्यालाही आहे आणि जाडजूडालाही. फरक एवढाच, की पोस्टग्रेस घेणारा माणूस सहसा कनेक्शनांचा साठा करून देणारं तयार लायब्ररीचं साधन वापरतो, आणि ते साधन हा नियम त्याच्या नकळत पाळतं. एस्क्यूलाइट घेणारा ‘फाइलच तर आहे’ म्हणून एक कनेक्शन ग्लोबलमध्ये टांगतो. शिस्त साधनाने आणली आणि श्रेय डेटाबेसच्या वजनाला मिळालं.

आता वादातल्या सर्वांत आवडत्या पुराव्याकडे येतो: ‘डेटाबेस इज लॉक्ड’. ही चूक पडद्यावर आली की लोक एस्क्यूलाइटच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या मते त्या डेटाबेसमधली सगळ्यांत सभ्य ओळ तीच आहे.

खात्यात हजार रुपये आहेत. दोन थ्रेडनी एकाच वेळी शिल्लक वाचली, दोघांनाही हजार दिसले. एकाला शंभर वजा करायचे आहेत, दुसऱ्याला दोनशे. प्रत्येकाने आपल्या डोक्यात वजाबाकी केली आणि नवी शिल्लक लिहायला गेला. पोस्टग्रेस जसा पेटीतून निघतो तसाच वापरला, म्हणजे त्याच्या नेहमीच्या ‘रीड कमिटेड’ पातळीवर, तर दोन्ही लिखाणं होतात. आधी नऊशे लिहिले जातात, मग त्यांवर आठशे. शंभर रुपयांचा व्यवहार हवेत विरतो आणि कोणी कुरकुरही करत नाही. पोस्टग्रेसमध्ये यावर उपाय आहेत, चांगले आहेत, पण ते मागून घ्यावे लागतात. एस्क्यूलाइटमध्ये वाचन आणि लेखन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलं असेल, प्रत्येकाचं कनेक्शन वेगळं असेल, तर दुसऱ्याचं लिखाण होतच नाही. डेटाबेस म्हणतो: तू वाचलंस त्यानंतर जग बदललं आहे, आता तुला लिहू देणार नाही. पडद्यावर जी ओळ येते ती हीच.

मागून आलेल्याने पुढच्यावर लिहून टाकलं, हे कावासाकीच्या घोटाळ्याचं वर्णन पुन्हा एकदा वाचा. त्या सेकंदाला कुणीतरी ‘आत्ता नाही, थांबा’ म्हणणारं हवं होतं. दुकानातल्या यंत्राने ‘काम होऊ शकलं नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असं दाखवलं असतं तर नागरिक वैतागला असता आणि पुन्हा पिन दाबून आपला कागद घेऊन गेला असता. नकार निस्तरता येतो. दुसऱ्याचा घटस्फोट तिऱ्हाइताने वाचला, की तो न-वाचलेला करता येत नाही.

नकार ऐकायचा कसा, हेही शिकावं लागतं. योकोहामात कावासाकीच्या आधी, २७ मार्चला, असाच प्रकार झाला होता. तिथलं कारण वेगळं होतं आणि मला ते जास्त बोलकं वाटतं. भार वाढला, छपाई रेंगाळली, फाइलवरच्या लॉकची मुदत संपली, लॉक सुटलं आणि पुढच्या कामाने भलतीच फाइल उचलली. वाट बघायची मुदत संपणं म्हणजे आत जायची परवानगी मिळणं, असा अर्थ त्या मांडणीत निघाला. ही चूक मी कितीतरी प्रोग्रॅमांत पाहिली आहे. लॉक्डची तक्रार आली की ती गिळायची, प्रोग्रॅमला क्षणभर झोपवायचं आणि फक्त शेवटचं वाक्य पुन्हा चालवायचं. अहो, जग बदललं म्हणून नकार आला होता ना? मग जुन्या वाचनावर बेतलेलं वाक्य शंभरदा चालवून काय होणार? ट्रान्झॅक्शन मागे घ्यायचं, पुन्हा वाचायचं, पुन्हा हिशोब करायचा, मग लिहायचं. त्याहून बरं म्हणजे, लिहायचं आहे हे आधीच ठाऊक असेल तर ‘बिगिन इमीजिएट’ म्हणून सुरुवातीलाच लेखणी, म्हणजे लिहिण्याचा हक्क, हातात घ्यायची. साधं ‘बिगिन’ लेखणी हातात देत नाही, हे अनेकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं.

फाइलवरचं लॉक म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. तो जागा धरतो कारण बाकीचे प्रवासी रुमालाची रीत मानतात. रुमालाच्या अंगात बळ नसतं. लिनक्ससारख्या प्रणालींवर एस्क्यूलाइट ज्या लॉकांवर उभा आहे ती अशीच, मानली तर आहेत. शिवाय त्यांत एक विचित्र खोड आहे. त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या कुठल्या कोडने तीच फाइल आपल्या वाटेने उघडून बंद केली, की त्या प्रोसेसची त्या फाइलवरची सगळी लॉकं गळून पडतात. म्हणजे घरचाच माणूस सीटवर क्षणभर टेकतो आणि उठताना रुमाल घेऊन जातो! रात्रीचा बॅकअप म्हणून प्रोग्रॅममधूनच डेटाबेसची फाइल उघडून बाइट-बाइट कॉपी करणारे हेच करत असतात, आणि सकाळी फाइल बिघडलेली दिसली की ‘हलका होता, मोडला’ म्हणतात. बॅकअपसाठी एस्क्यूलाइटची स्वतःची सोय आहे. ‘व्हॅक्यूम इन्टू’ हे वाक्यही २०१९ पासून आहे. चालू प्रोग्रॅममध्ये फाइलला बाहेरून हात लावायचं कारणच नाही.

‘पण एका वेळी एकच जण लिहू शकतो!’ हा आक्षेप खरा आहे. २०१० मध्ये ३.७.० या आवृत्तीत राइट-अहेड लॉगची पद्धत आली. ती चालू केली की वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत आणि लिहिणारा वाचणाऱ्यांना अडवत नाही, पण लिहिणारा एका वेळी एकच राहतो. तर मग? तलाठ्याच्या सज्जात फेरफाराचं रजिस्टर एकच असायचं. त्यात दोघांनी एकदम लिहावं असं कोणाला कधी वाटलं नाही, आणि त्यावाचून सातबारा अडला असंही नाही. अडायचा तो तलाठी रजिस्टर उघडं टाकून चहाला गेला की. आमच्याकडेही तेच होतं. ट्रान्झॅक्शन उघडायचं, मग त्याच्या आत कुठल्याशा दूरच्या सर्व्हरला एसएमएस पाठवायला सांगायचं, त्याच्या उत्तराची वाट बघायची आणि तोवर लेखणी मुठीत धरून ठेवायची. बाकीचे थ्रेड बाहेर ताटकळतात आणि नावं डेटाबेसला ठेवली जातात. ट्रान्झॅक्शनच्या आत फक्त डेटाबेसचं काम ठेवा. मग एकेक लिखाण इतक्यात उरकतं की बहुतेक प्रोग्रॅमांना रांग असल्याचं कळतही नाही.

माझ्याच बाजूच्या काही मंडळींशीही मला भांडायचं आहे, कारण त्यांचं बोलणं ऐकून लोक जास्त फसतात. ते म्हणतात, एस्क्यूलाइट मुळातच थ्रेड-सेफ आहे, तो सिरियलाइज्ड म्हणूनच येतो, कनेक्शन खुशाल वाटून घ्या. यातलं पहिलं विधान खरं, शेवटचा सल्ला खोटा. एस्क्यूलाइट तीन प्रकारे बांधता येतो. सिंगल-थ्रेडमध्ये आतली कुलुपं काढून टाकलेली असतात. मल्टि-थ्रेडमध्ये अनेक थ्रेड चालतात, पण एक कनेक्शन एका वेळी एकाच्याच हाती हवं (नाव ऐकून उलटंच वाटतं, आणि त्या नावाने बरेच जण बुडाले आहेत). सिरियलाइज्ड हा नेहमीचा प्रकार. त्यात एका कनेक्शनवर दोघांनी एकदम हाक मारली तरी आतल्या रचनेचा चुराडा होत नाही, हाका एकामागून एक घेतल्या जातात. एवढंच वचन आहे. तुमच्या दोन हाकांच्या मध्ये तिसऱ्याची हाक घुसणार नाही, असं वचन नाही. ट्रान्झॅक्शन कनेक्शनचं असतं, थ्रेडचं नव्हे. मी ‘बिगिन’ म्हटलं, तुम्ही त्याच कनेक्शनवर नोंद घातली, मग मला काही पटलं नाही आणि मी ‘रोलबॅक’ म्हटलं, तर माझ्याबरोबर तुमचीही नोंद गेली. डेटाबेस शाबूत, फाइल शाबूत, आणि तुमचा ग्राहक दारात. माझ्या पावत्याही सिरियलाइज्डच होत्या.

एस्क्यूलाइटचे कर्ते रिचर्ड हिप यांनी मात्र हा भ्रम कधी पसरवला नाही. त्यांच्या प्रकल्पाच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांत, हा डेटाबेस थ्रेड-सेफ आहे का, या प्रश्नाला आधी थ्रेड ही बला आहे, ते टाळा, असं बजावलेलं आहे, आणि सोबत बर्कलेच्या एडवर्ड ली यांच्या २००६ च्या निबंधाकडे बोट दाखवलं आहे. थ्रेड वापरले की प्रोग्रॅमचं वागणं माणसाच्या डोक्यात मावेनासं होतं, अशी ली यांची तक्रार. उत्तरातला ‘हो’ त्यानंतर येतो. विकणाऱ्याच्या तोंडी हे शोभत नाही, पण हा डेटाबेस विकत घ्यावाच लागत नाही; कोड सार्वजनिक मालकीचा आहे.

आणि ‘खेळणं’ म्हणणाऱ्यांसाठी जन्मकथाही सांगतो. हिप अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. मागे इन्फॉर्मिक्सचा मोठा डेटाबेस सर्व्हर होता. सर्व्हर बंद पडला की यांचा प्रोग्रॅमही ‘जोडणी होत नाही’ म्हणून हात वर करायचा, आणि बोल त्यालाच लागायचा. मधला सर्व्हरच काढून टाकला तर, या विचारातून २००० साली एस्क्यूलाइट आला. ज्या भारदस्तपणाचा सल्ला आज दिला जातो, त्याच्याच जाचातून सुटायला हा जन्मला. आज तो जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, आणि फोनच्या आत थ्रेड किती असतात हे वेगळं सांगायला नको.

मी एस्क्यूलाइटचा भक्त नाही. अनेक यंत्रांवरून लिहायचं असेल तर तो घेऊ नका. फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून वापरू नका. राइट-अहेड लॉगला ती फाइल वापरणाऱ्या सगळ्या प्रोसेस एकाच यंत्रावर लागतात. शेकडो जणांनी अखंड लिहायचं असेल तर पोस्टग्रेसच घ्या, आणि घेतल्यावर त्याच्या लॉकांचा पाठ नीट वाचा. एका यंत्रावरच्या, चार-सहा थ्रेडच्या प्रोग्रॅमला मात्र काय लागतं? प्रत्येक थ्रेडचं आपलं कनेक्शन. राइट-अहेड लॉग चालू. वाट बघायची मुदत, म्हणजे बिझी टाइमआउट, पाच सेकंदांच्या आसपास. सी भाषेतून वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ती मुळात शून्य असते. नोंदीचा क्रमांक मागाहून विचारण्याऐवजी, २०२१ मध्ये आलेल्या ‘रिटर्निंग’ने नोंद घालतानाच मागून घ्यायचा. आणि मला सगळ्यांत आवडणारी मांडणी: लिहायचं काम एकाच थ्रेडकडे सोपवायचं, बाकीच्यांनी आपल्या चिठ्ठ्या त्याच्या रांगेत टाकायच्या. मग लेखणीवरून भांडणच उरत नाही. ही मांडणी करायला एक दुपार पुरते. सर्व्हर उभा करून त्याची वर्षभर बडदास्त ठेवण्यापेक्षा ती दुपार स्वस्त.

जपानमध्ये पुढे काय झालं तेही सांगायला हवं. कावासाकीचा प्रकार झाला त्याच महिन्यात डिजिटल खात्याचे तेव्हाचे मंत्री तारो कोनो यांनी यंत्रणा थांबवून तपासायला सांगितलं. ही यंत्रणा वापरणाऱ्या १२३ नगरपालिकांमध्ये तपासणी झाली. तपासणीनंतर, २८ जूनला, फुकुओका प्रांतातल्या मुनाकाता शहरात पुन्हा भलत्याच माणसाचा रहिवासी दाखला छापून आला, आणि १२३ ठिकाणची सेवा पुन्हा बंद करावी लागली. अशी चूक इतक्या डोळ्यांखालून जाऊनही उरू शकते, कारण ती चाचणीत सहज येत नाही. तिला दोन अनोळखी माणसांनी एकाच क्षणी बटण दाबावं लागतं. तुमच्या टेबलावर तुम्ही एकटेच असता.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. तुमच्या कोडमध्ये ‘चेक सेम थ्रेड’ शोधा. त्याच्यापुढे ‘फॉल्स’ दिसलं, तर ते कोणी, कधी, कुठली चूक गप्प करायला लिहिलं ते बघा. ती चूक पुन्हा बोलती करा आणि उद्या सकाळी ती जिथे जिथे बोलेल, तिथली कनेक्शनं वेगळी करायला बसा.